होडीत वापरायचा लाइटनिंग डिटेक्टर, दोन हंगाम वापरून झाल्यावर

हातात मावणारा हा लाइटनिंग डिटेक्टर, म्हणजे लांबची वीज ओळखून सावध करणारं यंत्र, घेतला त्याला आता दोन हंगाम झाले आणि आमच्या १४ फुटी उघड्या होडीत तो जवळजवळ प्रत्येक फेरीला बरोबर असतो, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे मैदानावर खेळणाऱ्यांचे नाहीतर डोंगर चढणाऱ्यांचे होते, पाण्यावर जाणाऱ्या माणसाचा एकही सापडला नाही, आणि पाण्यावरचं गणित पूर्ण वेगळं असतं कारण तिथे पळून जायलाच वेळ लागतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. अशी बरीच यंत्रं आतून एकाच धाटणीची असतात, मी जे लिहिणार आहे ते थोड्याफार फरकानं इतरांनाही लागू पडेल.

यंत्र साबणाच्या वडीएवढं. वर छोटी स्क्रीन, मागे क्लिप, बझर आणि व्हायब्रेशन दोन्ही. वीज चमकली की तिच्यातून रेडिओ लहरी निघतात, जुन्या एएम रेडिओवर पावसाळी दिवसात मधेच जो खर्रर्र आवाज येतो ना तोच तो. यंत्र त्या लहरी पकडतं, त्यांच्या जोरावरून अंदाज बांधतं आणि वादळाची पुढची कड किती लांब आहे ते किलोमीटरमध्ये दाखवतं. ४० किमीपासून सुरू होतं, मग ३७, ३४, ३१, २७ असं टप्प्याटप्प्यानं खाली येत थेट डोक्यावर. कल्पना नवीन अजिबात नाहीये. रशियात अलेक्झांडर पोपोव्ह यांनी १८९५ साली लांबच्या विजेवर घंटी वाजवणारं यंत्र करून दाखवलं होतं, मला हे वाचून फार भारी वाटलं होतं, म्हणजे रेडिओवर माणसांची बोलणी ऐकू यायच्या आधी रेडिओवर वीज ऐकली गेली.

दिशा मात्र हे यंत्र सांगत नाही, हे घ्यायच्या आधी नीट लक्षात घ्या. २७ किमी दाखवलं म्हणजे कुठेतरी २७ किमीवर आहे, पुढे आहे का मागे आहे ते तुम्हीच आभाळाकडे बघून ठरवायचं. अंतरसुद्धा अंदाजच असतो, लांबची एखादी जबरदस्त वीज जवळची वाटू शकते आणि जवळची बारीक वीज लांबची. एका आकड्यावर मी काहीच ठरवत नाही, पाचदहा मिनिटांत आकडे खाली येतायत का वर जातायत तेवढं बघते.

आता जे सगळ्यात जास्त आवडलं ते सांगते. आमच्या होडीला छोटं आउटबोर्ड इंजिन आहे, म्हणजे मागे बाहेरून लावायचं. इंजिन चालू असताना गडगडाट ऐकूच येत नाही! हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं, म्हणजे कळायचं कसं, जे ऐकूच आलं नाही ते राहून गेलं हे कळणार कसं. गडगडाट तसाही साधारण १५ किमीच्या आतलाच ऐकू येतो, वारा उलटा असेल तर त्याहून कमी, आणि कानाशी इंजिन घरघरत असेल तर वीज पार डोक्याशी येईपर्यंत काहीच नाही. पहिल्या हंगामात एकदा आम्ही पाण्याच्या मधोमध होतो, धाकटा भाऊ इंजिनवर, माझ्या जॅकेटला लावलेलं यंत्र थरथरलं, ३७ दाखवलं. आभाळ आमच्या वर स्वच्छ निळं. भाऊ म्हणाला ताई अगं ऊन पडलंय, कुठं चाललीस. इंजिन बंद करून दोघांनी कान दिले, शांत, काही नाही. मग पाण्याच्या कडेला डोंगराच्या वर बघितलं तर मागे पांढरा चपटा थर पसरत होता, ऐरणीच्या माथ्यासारखा, गडगडाटी ढगाचं डोकं असं वर जाऊन आडवं पसरतं ते. आम्ही वळलो. धक्क्याला होडी बांधून गाडीत बसलो आणि अर्ध्या तासाच्या आत आभाळ काळं झालं. त्या दिवशी यंत्राचे पैसे वसूल झाले असं मी मनात म्हटलं.

याच्याबरोबर जे माहितीपत्रक येतं त्याच्यावर मात्र माझा राग आहे आणि तो खरा आहे. त्यात लिहिलंय वादळ १० किमीच्या आत आलं की आसरा घ्या. हा जमिनीवरचा हिशोब झाला. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद, म्हणजे १० किमी, कारण आवाजाला एक किमी जायला साधारण ३ सेकंद लागतात. मैदानावरचा माणूस तेव्हा धावत इमारतीत जाईल. होडीतला माणूस कुठे जाईल?

आमचं उदाहरण घ्या. किनारा ३ किमी लांब, लाटा आणि दोन माणसं धरून आमची होडी ताशी ६ किमीनं जाते, म्हणजे अर्धा तास. वादळं ताशी ४० किमीनं सरकतात हे काही विशेष नाही, म्हणजे आमच्या अर्ध्या तासात ते २० किमी पुढे येणार. वर वीज नेहमी ढगाच्या खालीच पडते असं नाही, ढगापासून १०-१५ किमी पुढे, जिथे ऊन आहे आणि पाऊस नाही तिथेही ती पडते. २० आणि १५ मिळून झाले ३५. म्हणजे ज्या क्षणी यंत्र पहिल्यांदा वाजतं, ४० किंवा ३७ ला, तोच आमच्यासाठी वळायचा क्षण आहे, त्यानंतर जे काही आकडे येतात ते आपण किती उशीर केला हे सांगतात. मी हे गणित एका कागदावर लिहून होडीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय, तुम्हीही तुमच्या होडीचा वेग आणि नेहमीचं अंतर घालून करून बघा, उत्तर बघून बरेच जण दचकतील. नुसत्या वल्ह्यावर जाणारे असाल आणि किनारा ५ किमीवर असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी पुरेसं नाहीये, सरळ सांगते, तुम्ही निघायच्या आधीच अंदाज बघून घरी थांबायला पाहिजे.

आता यंत्र ज्या दिवशी कामाला आलं नाही त्या दिवसाबद्दल. हे लिहिण्यासाठीच खरंतर मी बसलेय.

दुसरा हंगाम, दुपार, प्रचंड उकाडा. आम्ही त्या दिवशी शीड लावलं होतं. लांब आभाळात कुठेही काही नाही, यंत्राची स्क्रीन रिकामी, सकाळपासून एकदाही वाजलं नव्हतं. आमच्या जवळच एक ढग वाढत होता, फुलकोबीसारखा, कडा एकदम धारदार, आणि तो वर जाताना डोळ्यांना दिसत होता इतक्या वेगानं. मला तो दिसला होता. मी स्क्रीनकडे बघितलं, ती रिकामी, आणि मी भावाला म्हटलं की अजून काही नाहीये. हे वाक्य मला आजही आठवतं. मग वारा पडला, शीड ओल्या कपड्यासारखं लोंबायला लागलं, पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं आणि आम्ही तिथेच वाऱ्याची वाट बघत बसलो. कितीतरी मिनिटं तशीच गेली. मग एकदम मानेवर गार हवेचा झोत आला, आणि त्याच सुमारास पहिली वीज समोरच्या टेकडीवर पडली. मी मोजायला लागले, सातला आवाज आला, म्हणजे दोन किमी आणि थोडं. यंत्र तेव्हा वाजलं. वीज पडल्यावर.

यात यंत्र बिघडलं होतं का तर नाही, ते त्याच्या कामाप्रमाणेच वागलं. ते चमकलेली वीज ऐकतं, चमकणार असलेली नाही. वादळ लांबून चालत आलं तर त्यानं वाटेत पन्नास वेळा वीज पाडलेली असते आणि यंत्राला ती ऐकू येते, पण वादळ तुमच्याच डोक्यावर जन्माला आलं तर त्याची पहिली वीज हीच पहिली बातमी असते. उकाड्याच्या दुपारी साधा ढग अर्ध्यापाऊण तासात गडगडाटी होऊ शकतो. रिकामी स्क्रीन म्हणजे सगळं ठीक आहे असा अर्थ मी लावला होता, आणि ही गोष्ट पत्रकात कुठेही लिहिलेली नाही, पहिल्या पानावर ठळक लिहायला हवी होती.

त्या वेळी काय केलं ते सांगते कारण कुणाच्या उपयोगी पडेल. लाइफ जॅकेट आमच्या अंगावर आधीपासून होती, असतातच, नसती तर त्या वाऱ्यात घालणं अशक्य होतं. कारण छोट्या होडीला वीज पडायच्या आधी वाराच उलटवतो हे लोकांना माहीत नसतं, ढगातून पावसाबरोबर थंड जड हवा खाली कोसळते आणि पाण्यावर आपटून चारी बाजूंना पसरते, ती पावसाच्याही आधी येते, दिशा बदलून येते, आणि मिनिटाभरात गुळगुळीत पाण्यावर पांढरा फेस उभा राहतो. शीड आधी खाली, मग इंजिन, मग होडीचं तोंड लाटांवर थोडं तिरकं धरून सगळ्यात जवळच्या किनाऱ्याकडे. आमच्या धक्क्याकडे जायचं नाही हे भावानं ठरवलं, बरोबर ठरवलं, धक्का लांब होता आणि समोर चिखलाचा काठ होता तो अर्ध्या अंतरावर. मासेमारीच्या गळाच्या काठ्या आडव्या करून तळाला ठेवल्या कारण त्या कार्बनच्या आहेत आणि कार्बनमधून वीज जाते, अँटेना काढली, आणि मी होडीच्या मधे तळाशी बसले, पाय जवळ, हात पाण्यात नाही, डोलकाठीला नाही, दोरखंड अडकवायच्या धातूच्या कड्यांनाही नाही. भावाला मात्र इंजिनला हात लावूनच बसावं लागलं. ती वेळ मला फार वाईट गेली.

होडीत खाली बसल्यानं माणूस सुरक्षित होतो असं नाहीये. सपाट पाण्यावर उंच असं काहीच नसतं, त्यामुळे डोलकाठी असली तर ती आणि नसली तर आपलं डोकं हेच सगळ्यात वरचं टोक. जहाजांसाठी हा प्रश्न फार आधी सुटलाय, विल्यम स्नो हॅरिस या इंग्रज संशोधकांनी लाकडी जहाजांच्या डोलकाठ्यांमध्ये जाड तांब्याच्या पट्ट्या वरपासून खाली पाण्यापर्यंत सलग नेल्या, १८३१ मध्ये डार्विन ज्या बीगल जहाजावरून निघाला त्यावरही त्याच होत्या, आणि आजच्या मोठ्या शिडाच्या नौकांमध्येही मूळ विचार तोच आहे, विजेला वरून पाण्यापर्यंत सरळ जाड रस्ता द्यायचा म्हणजे ती माणसातून रस्ता शोधणार नाही. आमच्यासारख्या छत नसलेल्या होडीत तो रस्ता नीट बसवणं फार कठीण. काही जण डोलकाठीच्या तारेला साखळी बांधून पाण्यात सोडतात, समुद्राच्या पाण्यात त्याचा थोडा तरी उपयोग असू शकतो, तलावाच्या गोड्या पाण्यातून वीज समुद्राच्या मानानं शेकडो पटींनी कमी वाहते, म्हणजे पाण्यापर्यंत आलेली वीज तिथे नीट पसरत नाही आणि बाजूला उडी मारते, ती बाजू म्हणजे आपण. पाण्यावर विजेनं जी माणसं जातात, जखमी होतात त्यातली बहुतेक अशाच छोट्या, केबिन नसलेल्या होड्यांमधली असतात. म्हणून मी यंत्राबद्दल इतकं खोलात लिहितेय, आपल्याकडे दुसरं काहीच नाहीये, लवकर वळणं एवढंच आहे.

आणखी एक, यंत्राशी संबंध नाही तरी लिहितेच. होडीतल्या एकाला वीज लागली तर त्याला हात लावायला घाबरू नका. अंगात करंट साठून राहत नाही. श्वास आणि नाडी नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, मदत येईपर्यंत. विजेचा धक्का बसलेले बहुसंख्य लोक जगतात, जे जातात ते मुख्यतः हृदय थांबल्यानं, आणि तिथेच दुसऱ्या माणसाचे हात कामाला येतात. आम्ही दोघांनी ह्या प्रसंगानंतर सीपीआरचा, म्हणजे असा छातीवर दाब द्यायचा, कोर्स केला.

यंत्राच्या बाकीच्या गोष्टी पटापट. खोटे अलार्म येतात, सुरुवातीला खूप आले आणि मी वैतागून परत करणार होते. कारण सापडलं ते असं की इंजिनचा स्पार्क, होडीतलं पाणी उपसायचा छोटा पंप आणि फोन चार्ज करायचा अडॅप्टर, तिन्ही त्याला वीज वाटतात. यंत्र इंजिनपासून लांब, पुढच्या बाकाजवळच्या माणसाच्या छातीवर लावलं आणि चार्जर बंद ठेवला तेव्हा खोटे अलार्म जवळजवळ थांबले. घरातला आणि बाहेरचा असे दोन मोड आहेत, होडीत बाहेरचाच ठेवायचा. तुमचं यंत्र उगाच वाजत असेल तर आधी पाच मिनिटं सगळं बंद करून बघा, पण मनातून "हे उगाचच वाजतं" असं एकदा बसलं की खरा अलार्मही कानाआड जातो, म्हणून ही जागा शोधायचं काम किनाऱ्याजवळच, चांगल्या हवेच्या दिवशी करून टाका.

पाण्यात पडलं तर चालेल असं लिहिलंय, एकदा पडलं आणि चाललं, पण ते तरंगत नाही, त्यामुळे फोमचा तरंगणारा पट्टा लावून घ्या. उन्हात स्क्रीन वाचता येत नाही, हाताची सावली करावी लागते. बॅटरी चांगली आहे, तक्रार नाही. बझर वाऱ्यात ऐकू येत नाही, व्हायब्रेशन कळतं, म्हणून ते अंगावरच हवं, बॅगेत ठेवलं तर नसल्यासारखं.

फोनवर विजेचे नकाशे मिळतात मग हे कशाला, असं मला दोघातिघांनी विचारलं. नकाशे यापेक्षा खूप चांगले, त्यात दिशा कळते, वादळ कुठून कुठे चाललंय ते दिसतं, अनेक ठिकाणच्या स्टेशनांवर एकच वीज किती वाजता पोचली यावरून ते जागा काढतात. निघायच्या आधी मी तेच बघते. पण पाण्याच्या मधे रेंज जाते, ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, आणि मुख्य म्हणजे फोन बघायची आठवण व्हावी लागते, हे यंत्र आपणहून थरथरतं. पैसे घालायचे नसतील तर छोटा एएम रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी लावून ठेवा, खर्रर्र वाढत गेलं की वादळ जवळ येतंय. अंतर कळत नाही आणि इंजिनच्या आवाजात तोही ऐकू येत नाही, तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

पाचपैकी साडेतीन देते. एक पूर्ण त्या पत्रकासाठी कापला, अर्धा स्क्रीनसाठी. परत घेईन का, हो, हरवलं तर दुसऱ्या दिवशी घेईन.

त्या दिवसाचं अर्धं राहिलं. आम्ही चिखलाच्या काठाला लागलो, होडी ओढून एका खुंटाला बांधली, जवळच एक एकटं मोठं झाड होतं त्याखाली गेलो नाही, पावसात पळत रस्त्यापर्यंत गेलो आणि तिथे थांबलेल्या एका गाडीवाल्यानं दार उघडलं, काही न विचारता. पत्र्याच्या टपाची बंद गाडी अशा वेळी सगळ्यात चांगली जागा. पाऊस पाऊण तासानं थांबला, एका कडेनं ऊनसुद्धा आलं. भाऊ म्हणाला चल, होडीत पाणी भरलं असेल, उपसून धक्क्याला नेऊ. शेवटचा गडगडाट झाल्यावर ३० मिनिटं थांबायचं असतं हे दोघांनाही पाठ होतं, पण अंगावर ओले कपडे, कुडकुडतोय, समोर ऊन, आणि २२ मिनिटं झालेली. मी मांडीवर यंत्र धरून बसले होते. ते थरथरलं, १२ दाखवलं, मग १०. पहिल्या ढगाच्या मागून दुसरा येत होता, आम्हाला डोंगरामुळे दिसत नव्हता. भावानं दाराच्या कडीवरचा हात काढला. आम्ही घड्याळ परत शून्यापासून लावलं, तो गाडीवाला दादाही आमच्याबरोबर बसून राहिला, आणि होडीपाशी गेलो तेव्हा अंधार पडत आला होता, ती बाकांपर्यंत पाण्यानं भरली होती, पण खुंट धरून होता.